ए बाजू संपल्यावर

गेल्या महिन्यात एका रविवारी भाच्याच्या नव्या घरी गेले होते. लोअर परळ, बाविसावा मजला, हॉलच्या खिडकीतून मिलची एक जुनी चिमणी दिसते आणि तिच्या आजूबाजूला सगळ्या काचाच काचा. त्याचे चार-पाच मित्रमैत्रिणी आले होते, जेवणं झाली होती, आणि विषय निघाला की कुठल्या अल्बमने तुमचं आयुष्य बदललं. एकीने 'आयुष्यावर बोलू काही' सांगितलं, लहानपणी गावाला जाताना गाडीत आईवडील तेच लावायचे म्हणे आणि घाट आला की कुठलं गाणं येणार हे तिला पाठ होतं. दुसऱ्याने 'रोजा' सांगितलं, तो ९२ साली जन्मलाही नव्हता पण मोठ्या भावाची कॅसेट घरात होती. मला विचारलं तेव्हा मी पटकन म्हटलं, 'कॉल ऑफ द व्हॅली', ती संतूर-बासरी-गिटारची जुनी रेकॉर्ड. सगळ्यांनी मान डोलावली, कारण ते उत्तर कसं सगळ्यांना पटण्यासारखंच आहे. भाचा लगेच उठला, म्हणाला, आत्या, थांब. त्याने नवीन रेकॉर्ड प्लेयर घेतलाय आणि चोरबाजारात मटण स्ट्रीटवर दोन तास उकिडवं बसून जुन्या एलपी शोधल्यात, त्यात ही मिळाली होती. कव्हरचे कोपरे झिजलेले, एका कडेला चिकटपट्टी पिवळी पडलेली. त्याने रेकॉर्ड दोन्ही तळव्यांत कडेनं धरून अलगद ठेवली, सुई टेकली, आणि अहीर भैरव राग सुरू झाला.

वीसेक मिनिटं कुणी बोललं नाही. त्या बाजूचा शेवटचा राग, पिलू, संपला. आणि मग त्या प्लेयरचा दांडा आपोआप उचलला गेला, आवाज न करता मागे जाऊन आपल्या जागेवर बसला, तबकडी फिरायची थांबली. मी मात्र सोफ्याच्या कडेला पुढे वाकून तशीच बसून राहिले होते. भाचा म्हणाला, "आत्या, संपली ए साइड." मी हो म्हटलं. पण करी रोडहून मुलुंडची स्लो लोकल पकडली तेव्हा खिडकीशी बसून एकच गोष्ट डोक्यात घोळत होती की आपण आज त्या पोरांना जे उत्तर दिलं ते पूर्ण खरं नाही. नाव बरोबर सांगितलं. पण माझं आयुष्य बदललं ते या रेकॉर्डने नाही, तिच्या एका कॅसेटने. आणि त्या कॅसेटवर ए बाजू तिथे संपत नव्हती.

लालबागला आमची खोली दुसऱ्या मजल्यावर होती, गॅलरीच्या टोकाला मोरीशेजारी, आणि आमच्या अलीकडची खोली नानांची. नाना रेल्वेतून रिटायर झालेले, नानी गेल्यानंतर एकटेच राहायचे, आणि सगळ्या चाळीत फक्त त्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेयर होता, एचएमव्हीचा फिएस्टा, त्यावर त्यांनी नानींच्या हातचा विणलेला रुमाल घातलेला असायचा. बाबा मिलमध्ये, साचेखात्यात, म्हणजे मागांवर. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्याबद्दल नव्याने काय सांगायचं, ज्याच्या घरात तो झाला त्याला सांगायची गरज नाही आणि बाकीच्यांनी निदान ऐकलेलं आहे. मला आठवतो तो भोंगा, म्हणजे भोंग्याचं नसणं. सकाळी भोंग्यावर उठायची सवय असलेला माणूस भोंगा न वाजता त्याच वेळेला उठून बसायचा, दात घासायचा, कपडे करायचा आणि गॅलरीत कठड्याला टेकून उभा राहायचा. सुरुवातीला सभा, मोर्चे, जोर होता. मार्च-एप्रिलपर्यंत शेजारची दोन बिऱ्हाडं सामान बांधून कोकणात गेली. बाबा बोलायचेच बंद झाले. रागावलेले नव्हते, मारझोड कधीच नव्हती, नुसते गप्प. मी नऊ वर्षांची होते आणि मला वाटायचं की माझंच काहीतरी चुकलंय.

आई पापड लाटायला लागली. एक बाई घरोघर पीठ द्यायच्या आणि किलोवर पैसे. आतल्या खोलीत मे महिन्यात जीव गुदमरायचा म्हणून ती पोळपाट घेऊन गॅलरीत नानांच्या दाराजवळ बसायची, तिथे जरा वारा यायचा. आणि नाना दुपारी चहा झाला की बाबांना हाक मारायचे, "या हो, बसा जरा." बाबांना गाण्यातलं काही कळत नव्हतं. भजनाला कधी बसले असतील तेवढंच. पण ते जायला लागले, कारण नाना काही विचारायचे नाहीत. बाकी सगळे विचारायचे, काय होणार, कधी मिटणार. नाना नुसती रेकॉर्ड लावायचे.

त्यांच्याकडे जास्त रेकॉर्डी नव्हत्या, पंधरा-सोळा असतील. भीमसेनजींचे अभंग, नाट्यगीतं, आणि ही एक इंग्रजी नावाची. नानांना तिचं फार कौतुक होतं, आपल्या भावगीतवाल्या जी. एन. जोशींनी ही एचएमव्हीसाठी केलीय, ६७ साली, आणि वाजवणारी तिन्ही पोरं तेव्हा तिशीच्या आसपासची, असं ते प्रत्येक वेळी सांगायचे. शिवकुमार शर्मांचा संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काब्रांची गिटार, आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. काश्मीरच्या खोऱ्यातला एक मेंढपाळ, त्याचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. नाना मला समजावून सांगायचे की आता उजाडतंय बघ, आता मेंढ्या निघाल्या, आता दुपार झाली. मी काश्मीर पाहिलेलं नव्हतं आणि मेंढ्या फक्त बकरी ईदच्या आधी रस्त्यावर पाहिलेल्या, त्यामुळे माझ्या डोक्यात तो मेंढपाळ आमच्याच चाळीत राहायचा. अहीर भैरव म्हणजे सार्वजनिक नळावर रांग लागायच्या आधीची वेळ. नट भैरव म्हणजे दूधवाला. पिलू म्हणजे दुपार, कठड्यावर वाळत घातलेल्या साड्या, त्यांतून आत येणारं रंगीत ऊन. भूप म्हणजे देवाजवळ दिवा लावायच्या आधीचा तो दहा मिनिटांचा उजेड. रागांची नावं मला कितीतरी उशिरा कळली. पुढे कॉलेजात एका मैत्रिणीकडे किशोरीताईंचा भूप ऐकला, 'सहेला रे', आणि मी तिला म्हटलं, अगं हे तर संध्याकाळचं आहे, ती म्हणाली तुला राग ओळखता येतात? मला राग नाही, गॅलरी ओळखता येत होती.

कॅसेटचं असं झालं. नानांच्या जावयाने मस्कतहून टू-इन-वन, म्हणजे रेडिओ आणि टेप एकत्र, आणला, नॅशनल पॅनासॉनिकचा, आणि नानांना त्याचं रेकॉर्डिंग करून बघायचं होतं. वायर जोडून घेता येतं वगैरे कुणाला माहीत नव्हतं. त्यांनी स्टुलावर फिएस्टासमोर टू-इन-वन ठेवला, त्याच्या पुढच्या बाजूला जो बारीक जाळीचा माइक असतो तो स्पीकरकडे करून, साठ मिनिटांची कोरी कॅसेट घातली, आणि गॅलरीत येऊन सगळ्यांना सांगितलं की अर्धा तास आवाज करू नका. चाळीला असं सांगून काय उपयोग आहे. पण लोकांनी खरंच प्रयत्न केला, आम्हा पोरांना खाली पिटाळलं. मी गेले नाही, मी नानांच्या दाराच्या उंबऱ्यावर बसले, माझ्या एका बाजूला आत बाबा आणि दुसऱ्या बाजूला बाहेर आई.

तर त्या कॅसेटवर काय काय होतं ते मी आजही क्रमाने सांगू शकते. सुरुवातीला नानांचं "हं" आणि सुई टेकल्याचा खर्र. अहीर भैरवच्या आलापीत कावळा, तीनदा. नट भैरवच्या मध्यावर खालून बोहारणीची आरोळी, ती जिन्यापाशी येते आणि कुणीतरी तिला दटावल्यासारखी मध्येच तुटते. आणि पिलू सुरू झाल्यावर आईचं लाटणं. तिने काम थांबवलं नव्हतं, थांबवणं परवडणारं नव्हतं, किलोचा हिशोब होता. पोळपाटावर लाटणं फिरल्याचा तो घासटणारा आवाज, मग पापड उचलताना एक छोटा ठोका. तिचं काही तालात वगैरे नव्हतं. पण पूर्ण पिलूमध्ये दोन वेळा तिचा ठोका बरोब्बर समेवर, तालाच्या पहिल्या मात्रेवर, येतो. मी त्या दोन जागांची वाट बघायचे. पुढे सीडी घेतली, स्वच्छ आवाजाची, तेव्हा त्या दोन जागा आल्या आणि सम एकटीच येऊन गेली, मला अगदी पायरी चुकल्यासारखं झालं.

एलपीची एक बाजू वीसेक मिनिटांची आणि कॅसेटची तीस मिनिटांची. पिलू संपला आणि कुणीच उठलं नाही. सुई शेवटच्या त्या मोकळ्या खाचेत जाऊन फिरत राहिली. ज्यांनी रेकॉर्डी ऐकल्यात त्यांना तो आवाज माहीत आहे. टक. टक. मिनिटाला सव्वातेहतीस-साडेतेहतीस फेरे, म्हणजे दोन टकांमध्ये दोन सेकंदांना जरासा कमी वेळ. नानांनी डोळे मिटलेले होते. बाबा भिंतीला टेकून बसलेले. बाहेरचं लाटणंही थांबलं होतं. आणि नवव्या टकला बाबा बोलले.

"नाना, परत लावा."

एवढंच. कितीतरी दिवसांत त्यांनी आपणहून कुणाकडे काही मागितलं नव्हतं. आणि ते इतक्या मोठ्यांदा बोलले की आतल्या माइकवर त्यांचा आवाज संतूरपेक्षा स्पष्ट आला. साचेखात्यातली माणसं मोठ्यांदाच बोलतात, तिथे शेकडो साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं उभं राहिल्यावर घरातही आवाज खाली येत नाही. मग नानांच्या आरामखुर्चीचा कर्रर आवाज, तेराव्या टकनंतर सुई उचलली जाते, आणि मग थोडा वेळ नुसती गॅलरी, भांडी, कुणाचं तरी "पाणी आलं का गं", आणि खट. बंद.

आईचं मत वेगळं होतं आणि ते मी लिहायलाच पाहिजे. त्या रात्री ती म्हणाली, "घरात पीठ उधारीचं आणि परत लावा म्हणे." तिचा राग बरोबर होता. ती बाहेर बसून पाठ मोडत होती आणि आत तिचा नवरा मेंढ्या ऐकत होता. मी नऊ वर्षांची होते आणि बाबांच्या बाजूची होते, कारण बाबा बोलले होते. आज मी त्या वयाची झालेय की दोघांचीही बाजू एकाच वेळी छातीत येते आणि त्यातली एकही खाली ठेवता येत नाही.

संप मिटला असं कुणी कधी म्हटलंच नाही. बाबांना पुढे एका बिल्डिंगवर वॉचमनचं काम मिळालं. नाना ८५ साली डोंबिवलीला मुलाकडे राहायला गेले, आणि जाताना ती कॅसेट त्यांनी बाबांच्या हातात दिली. आमच्याकडे वाजवायला टेप नव्हता. दोन वर्षं ती कॅसेट कपाटात आईच्या लग्नातल्या शालूच्या घडीत होती. मग हप्त्यावर टेपरेकॉर्डर घेतला, आणि त्यानंतर ती इतक्या वेळा वाजली की त्यावरचं पेनाने लिहिलेलं नाव पुसून गेलं.

मी ऑडिओलॉजी, म्हणजे कानांची तपासणी, शिकले ती बांद्रा रेक्लमेशनच्या अली यावर जंग इन्स्टिट्यूटमध्ये. दहावी-बारावीनंतर कुणाला असा कोर्स असतो हे माहीतही नसायचं, मला एका बाईंनी सांगितलं, आणि मी तो घेतला त्याला कारण फक्त एक होतं, बाबा नानांकडे स्पीकरजवळ जाऊन कानामागे हात धरून बसायचे ते. ९३ साली प्रॅक्टिससाठी घरचं माणूस आणा म्हणाले तेव्हा मी बाबांना नेलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. आवाजबंद खोलीत काचेपलीकडे हेडफोन लावून बसले, आवाज आला की बोट वर करायचं. खालच्या पट्टीतले सूर त्यांनी व्यवस्थित पकडले, बोट शाळेतल्या मुलासारखं चटकन वर. २००० हर्ट्झला बोट उशिरा यायला लागलं. ४००० ला मी सूर लावला, वाढवला, अजून वाढवला, ते काचेतून माझ्याकडे बघत होते, चेहऱ्यावर 'चालू केलंस ना?' असा भाव, आणि माझ्या कानात तो सूर किंचाळत होता. कारखान्यात कान गेलेल्या माणसाचा आलेख तिथे असा खड्ड्यात जातो, पुस्तकात चित्र होतंच. पण बोट वर येत नाही म्हणून वाट बघत राहणं पुस्तकात नव्हतं.

परत येताना बसमध्ये मी त्यांना विचारलं की मग तुम्हाला ती कॅसेट कशी ऐकू येते. कारण संतूरच्या तारेवर अक्रोडाच्या लाकडाची ती कलम पडते, तेव्हा सूर खालचा असला तरी त्या आघाताची जी धार असते ती वरच्या पट्टीत असते, आणि बाबांचे नेमके तेच कान गेलेले. त्यांनी बराच विचार केला. म्हणाले, "बासरी नीट येते. ते गिटार पण येतं. बाकीचं आपलं मागं पाऊस पडल्यासारखं." मी शंभरेक तारांचं ते वाद्य पुढे एनसीपीएच्या सभागृहात खुद्द शिवकुमारजींच्या मांडीवर पाहिलं, त्यांनी कलम तारेवरून घसरवून सूर कसा लांबवला ते ऐकलं, काश्मीरच्या सूफियाना मैफलीतलं हे वाद्य ५५ साली याच मुंबईत सतराव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा मोठ्या स्टेजवर आणलं, लोकांनी याला सूर ओढून नेणारी मींड नाही, सूर टिकवणारा ठेहराव नाही म्हणून नावं ठेवली, हे सगळं वाचलं. सगळं खरं आणि मोठं आहे. पण त्या दिवशीही मी मधूनमधून डोळे मिटून पाऊस ऐकायचा प्रयत्न करत होते.

बाबा ९६ ला गेले. माझं लग्न ९९ ला, म्हणजे लग्नाच्या व्हिडिओत ते नाहीत. त्यांच्या आवाजाचं दुसरं काहीही आमच्याकडे नव्हतं. त्या काळी कोण आवाज जपून ठेवत होतं. मी सासरी कुर्ल्याला तळमजल्यावर राहायला गेले तेव्हा भावाने कॅसेट मला दिली. त्या पावसाळ्यात नवऱ्याकडे 'गारवा' होतं, मिलिंद इंगळेंची गाणी आणि मध्ये मध्ये सौमित्रच्या कविता त्याच्याच आवाजात, आणि त्याही अल्बमवर माझा जीव आहे, आमची नवी ओळख त्याच्यावर झाली, पण त्याबद्दल पुन्हा कधीतरी. माझी सवय मात्र वेगळीच लागली होती. कधी फार वाटलं की मी ए बाजू लावायचे, पिलूच्या शेवटाला आणायचे, नऊ टक, बाबांचं वाक्य, आणि लगेच बंद करून कॅसेट तशीच काढून ठेवायचे. गुंडाळून सुरुवातीला न्यायचे नाही. म्हणजे पुढच्या वेळी जरा मागे घेतली की लगेच सापडावं.

२६ जुलै २००५. सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि कुर्ल्यात मिठी आमच्या घरात आली. मी त्या रात्री ऑफिसात अडकले होते, नवरा आणि मुलगी वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचले तेव्हा पाणी उतरलं होतं आणि भिंतीवर माझ्या गळ्याएवढ्या उंचीला तपकिरी रेघ होती. टीव्हीच्या कपाटाचा खालचा खण चिखलाने भरलेला, कॅसेटी त्यात. बाकी कशाला हात लावायच्या आधी मी ती शोधली, नळाला पाणी नव्हतं तर पिण्याच्या बाटलीतल्या पाण्याने धुतली, आणि चार दिवसांनी घर जरा उभं राहिल्यावर कवचाचे पाच स्क्रू काढून आतली टेप काढली. स्वच्छ पाण्यात धुऊन मीटर मीटर करून पंख्याखाली दोरीवर वाळत घातली, मुलगी म्हणाली शेवया. मग दुसऱ्या कॅसेटचं कवच घेऊन त्यात पेन्सिलीने हळूहळू गुंडाळली.

आणि ती वाजली! आवाज दबका, मागे समुद्र असल्यासारखा, पण वाजली. कावळा होता. बोहारीण होती. लाटणं होतं, दोन्ही समा होत्या. पिलू संपला, टक सुरू झाला, एक, दोन, तीन, आणि तिथून पुढे नुसतं भस्स. बराच वेळ भस्स. मग एकदम "पाणी आलं का गं", आणि खट.

कॅसेटची टेप सेकंदाला साधारण पावणेपाच सेंटिमीटर पळते. बाबांचं ते वाक्य दोन सेकंदांचं, म्हणजे टेपवर नऊ-दहा सेंटिमीटर. कॅसेटच्या पुढच्या उघड्या तोंडाशी, जिथे आत तो छोटासा फोमचा तुकडा असतो, तिथून जी टेप आडवी जाते तीही साधारण तेवढीच. मी नेहमी तिथेच थांबवायचे. म्हणजे बाकी सगळी टेप आत एकमेकींच्या घडीत होती, आणि बाबांचं वाक्य मी माझ्या हाताने दारात उघड्यावर ठेवलं होतं. त्याच्या मागची-पुढची टेप, ते टक वगैरे, गुंडाळ्यांच्या सगळ्यात बाहेरच्या फेऱ्यांवर. चिखल तिथे सगळ्यात आधी लागला. धुताना माझ्या बोटांना तपकिरी रंग आला होता तो मी चिखल समजून चोळून काढला, चिखल होताच, पण तो टेपवरचा लेपही होता.

आईला हे सांगायला मला दोन महिने लागले. ती शांतपणे ऐकत होती, मग म्हणाली, "आणि माझं लाटणं?" मी म्हटलं, ते आहे. तिला माहीत होतं की ते कॅसेटवर आहे, एवढी वर्षं माहीत होतं, आणि मी वीस वर्षं 'बाबांची कॅसेट' म्हणत होते, तिच्यासमोर. मी ती लावली. आई खुर्चीत पुढे सरकून ऐकत होती, आणि पहिल्या समेच्या जरा आधी तिचा हात मांडीवर आपोआप लाटण्यासारखा हलला. ती म्हणाली, "किती घाई करत होते मी." दुसरं काही बोलली नाही. त्याच आठवड्यात मी जे उरलं होतं ते सगळं कॉम्प्युटरवर घेतलं, दोन ठिकाणी ठेवलं. आता फोनमध्येही आहे.

१० मे २०२२ ला शिवकुमारजी गेले. झाकीरभाई त्यांच्या चितेसमोर हात बांधून एकटे उभे असलेला तो फोटो सगळीकडे फिरला, तोही दिसायच्या आधी आईचा फोन आला. "तुझ्या बाबांचे ते वाजवणारे गेले ना गं?" मी हो म्हटलं. ती म्हणाली, "नानांना कळवायला पाहिजे होतं." नाना जाऊन तेव्हा कितीतरी वर्षं झाली होती, तिलाही माहीत होतं. आम्ही दोघी जरा वेळ फोन धरून तशाच थांबलो.

तर लोकलमध्ये मुलुंड येईपर्यंत हे सगळं. पुढच्या रविवारी मी पुन्हा भाच्याकडे गेले, यावेळी तो एकटाच होता. त्याला म्हटलं, तुझ्या प्लेयरचा तो दांडा आपोआप उचलला जातो ते बंद करता येतं का. त्याने प्लेयर जरा तिरका करून खाली बघितलं, एक छोटं बटण होतं, ते सरकवलं. का विचारलं नाही. त्याने आजोबांना पाहिलेलं नाही, तो त्यांच्यानंतर जन्मला. मी त्याला कॅसेटबद्दल सांगितलं, सगळं नाही, टकपर्यंतचं सांगितलं, बाबांचं वाक्य सांगितलं. ते ज्या मोठ्या आवाजात होतं तसं मला काढता आलं नाही.

मग त्याने ए बाजू लावली. बाहेर उजेड उतरायला लागला होता आणि त्या चिमणीच्या टोकाला कबुतरं बसली होती. कावळा नव्हता, बोहारीण नव्हती, दोन्ही समा एकट्या आल्या, आणि दुसऱ्या समेला माझा हात मांडीवर हलला ते मला हलल्यावर कळलं. पिलू संपला. सुई आत आत सरकत गेली आणि त्या खाचेत पोचली. टक. भाचा उठायला लागला, मी हाताने थांब म्हटलं, तो परत बसला. टक. त्या बाविसाव्या मजल्यावर खालचा कुठलाच आवाज येत नाही, एसीची बारीक घरघर तेवढी, आणि तो आवाज इतका नीट, इतका जवळ येत होता की मी मोजत नव्हते तरी मोजले जात होते. सात. आठ. नवव्याला मी श्वास धरला. दहा. अकरा, बारा. तेरा.

चौदावा मी कधी ऐकलाच नव्हता. तो आला, अगदी आधीच्यांसारखाच. भाचा माझ्याकडे बघत होता, उठला नाही. पंधरावा.